बिरागोच्या नावाचं रक्त

बिरागोच्या हनुवटीबद्दल आमच्या गल्लीत जेवढी चर्चा झाली, तेवढी निवडणुकीबद्दलही झाली नसेल. मी म्हणते, एका बाईची हनुवटी ती केवढी! पण लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

मी सारपोमा. सगळे आंटी सारपोमा म्हणतात. कुमासी शहरात, बांतामाच्या वळणावर, मी याम नावाच्या कंदाचे काप आणि मासे तळून विकते. माझ्या कढईला लागूनच बिरागोची निळी टपरी, वेण्या घालायचं दुकान. राहायलाही आम्ही एकाच अंगणात, तिची खोली माझ्या खोलीसमोर. त्यामुळे तिचं काय चाललंय हे मला कधी विचारावं लागलं नाही. आता, दिसतं म्हणून कळतं असं नाही हं. हे जे सांगतेय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि तरी माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

बिरागोचे हात म्हणजे काय सांगू! वेणी घालायला बसलेलं गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. दुसऱ्यांच्या डोक्यावर ती एवढी कलाकुसर करायची आणि स्वतःच्या डोक्याला मात्र कायम फडकं, कारण टाळूवरचे केस विरळ होत चाललेले. वरचे जातायत आणि खालचे येतायत, असा सगळा उलटा कारभार. जबड्यावर मोठमोठ्या, दुखऱ्या पुळ्या. मानेला छान वळ्या, म्हणजे आमच्याकडे ज्या मानेवरून बायको पसंत करतात तशा, पण त्या वळ्यांमध्ये एक जाडसर काळेपणा साचलेला. आम्ही काय गोरे नाही, पण त्या काळ्यातही तो वेगळा दिसायचा. ती रोज सकाळी जाळीच्या घासणीने लिंबू लावून मान घासायची. रक्त यायचं, पण काळं जायचं नाही.

मग काय, ज्याला त्याला कारण माहीत. मासेवाली म्हणायची, अंघोळच करत नसेल. समोरची शिंपीण म्हणायची, गोरं व्हायचं क्रीम लावलं असणार, आता उलटलंय. चर्चमधल्या बायका मान हलवून म्हणायच्या की कुणीतरी नजर लावली. आणि तिचा नवरा क्वार्तेंग, सुआमेच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडून बसणारा माणूस, तो खूश! "आंटी, हनुवटीला केस असलेली बायको घरात पैसा आणते. माझ्या आईलाही होते," असं तो अभिमानाने सांगायचा. आता यात खरं काय धरायचं? मी सगळ्यांना हो म्हणायचे आणि यामचे काप उलटायचे.

खरं दुखणं पुळ्यांचं नव्हतंच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्याबद्दल बिरागो कधी एक शब्द बोलायची नाही. क्वार्तेंगही नाही. दोघं एकमेकांना जपून असायचे. मला ते बघून जास्त त्रास व्हायचा. भांडा ना लेको, असं वाटायचं.

तिच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टरीणबाई होत्या. एकदा वेण्या घालून घेताना त्या आरशातून बिरागोकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "बिरागो, तुझी पाळी नीट येते का गं?"

"येते की. लहर आली तर येते."

"म्हणजे?"

"म्हणजे कधी चार महिन्यांनी, कधी विसरूनच जाते."

मग डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. मीही कढई सोडून दारात उभी राहिले, तेल जळलं तरी. त्या म्हणाल्या की बाईच्या अंगातही थोडं पुरुषी हार्मोन असतं. ते जास्त झालं की पुळ्या येतात, हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे गळतात. मान काळी झालीय ती बहुतेक इन्सुलिन वाढल्यामुळे, घासून जाणार नाही. याला पीसीओएस म्हणतात. "पण नुसतं तोंड बघून मी औषध देणार नाही. आधी रक्त तपासू. ते हार्मोन किती, त्याला बांधून ठेवणारं प्रथिन किती, उपाशीपोटी इन्सुलिन किती. आणि मूल राहत नाही त्याचं कारणही यातच असेल, बरं का. उपाय आहे त्यावर."

बिरागोची बोटं थांबली. अर्धी वेणी हातात तशीच. मी तिला इतक्या वर्षांत काम करता करता थांबलेली पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. नर्सने कागद दिला आणि सांगितलं, "पाळीच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, सकाळी काही न खाता लॅबमध्ये जा. दुसऱ्या कुठल्या दिवशी गेलीस तर आकडे चुकतील."

झालं! जिची पाळीच येत नाही तिला पाळीचा दुसरा दिवस कुठून आणायचा? आंबे आले आणि संपले. बिरागो रोज सकाळी माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची. क्वार्तेंग विचारायचा, "झाली का तपासणी?" ती म्हणायची, "होईल." मला तर त्या नर्सच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता.

त्याच सुमारास तिची धाकटी बहीण पोकुआ सुट्टीसाठी आली. पोरगी शिक्षिका व्हायला बाहेरगावी शिकत होती. चेहरा सोललेल्या अंड्यासारखा, एक डाग नाही. एका दुपारी बिरागो माझ्या बाकावर येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आंटी, एक सांगू? पोकुआची पाळी घड्याळ लावल्यासारखी येते. आज तिचा पहिला दिवस आहे. मी विचारलं. उद्या तिनेच माझ्या नावाने रक्त दिलं तर?"

"अगं, तुझं रक्त तपासायचंय ना?"

"मग? एकाच आईच्या पोटच्या आम्ही. रक्त तेच ना?"

आता यात मी काय बोलणार? आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही हेच सांगतात. रक्त आईकडून येतं, बापाकडून जीवातला दम येतो आणि नाव येतं. एका आईची लेकरं म्हणजे एक रक्त. या एका गोष्टीवर आमची घरं, जमिनी, वारसे, सगळं उभं आहे. मी म्हटलं, "बाई, मला नाही कळत यातलं." आणि मला खरंच कळत नव्हतं.

पोकुआ गेली. लॅबवाल्याने कागद बघितला, तोंड बघितलं नाही. दंडातून रक्त काढलं आणि बाटलीवर बिरागोचं नाव चिकटवलं.

रिपोर्टच्या दिवशी क्वार्तेंगने गॅरेजला दांडी मारली. बिरागोने मलाही ओढलं, "चल गं, कुणीतरी सोबत पाहिजे." डॉक्टरीणबाई कागद बघायच्या, मग बिरागोचं तोंड बघायच्या, मग परत कागद. कपाळावर आठ्या.

"मला काही समजत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड एक सांगतंय आणि रक्त भलतंच. इन्सुलिन चांगलं आहे. ते बांधून ठेवणारं प्रथिन तुझ्यात कमी असायला हवं, तर ते भरपूर आहे. या कागदावर विश्वास ठेवायचा तर तुझ्या गालावर एक पुळीसुद्धा नको."

"पण आहेत की," क्वार्तेंग म्हणाला. जणू कुणी पुळ्या चोरायला निघालं होतं.

"तेच तर. म्हणून मी लॅबला फोन करून उरलेल्या रक्तातून आणखी एक तपासणी करायला सांगितली. काही आकडे असे होते की मला शंका आली." त्या हसल्या. "बिरागो, तू गरोदर आहेस."

क्वार्तेंग उठला, बसला, परत उठला. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि त्या ऑइलने काळ्या झालेल्या बोटांनी दाबत राहिला. रडत होता की हसत होता, तेही कळेना. बिरागो खुर्चीत ताठ. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. त्या खोलीत खरं काय ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, रक्त एकच म्हणतात, तर मग... अगं, वेडी झालीस का सारपोमा! मी माझ्याच मांडीला चिमटा काढला.

"सोमवारी सोनोग्राफी करू, म्हणजे नीट दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टॅक्सीत क्वार्तेंगने आवाज इतका खाली आणला की ड्रायव्हरलाही ऐकू जाऊ नये. पोट दिसेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, लोकांच्या मनात काय असतं कोण जाणे. "आंटी, तुम्हीसुद्धा! शब्द द्या मला." मी दिला. मग म्हणतो, "मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव. कोनादू. बिरागो, चालेल ना?" बिरागो खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चालेल."

अंगणात पोकुआ जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कांडत होती. क्वार्तेंग दुकानातून काहीतरी आणायला गेला तसं बिरागोने तिच्या हातातलं मुसळ काढून घेतलं.

"त्या दिवशी तुझा दुसरा दिवस होता?"

"हो तर."

"माझ्याकडे बघून सांग."

पोरीने बघितलं नाही. मग तोंड झाकून मटकन खाली बसली. तिचीही पाळी चुकली होती. कॉलेजातला एक गोड बोलणारा होता, त्याने आता फोन उचलणं बंद केलं होतं. बहिणीने दिवस विचारला तेव्हा पोरगी घाबरली आणि म्हणून गेली, आजच आली. पाळी आली म्हटलं की कुणी संशय घेणार नाही, असा तिचा हिशेब. कुणाचं काय आणि कुणाचं काय, बघा! एकीने पाळी येत नाही म्हणून दुसरीची उसनी घेतली, तर दुसरीकडेही नव्हतीच.

"तू खोटं बोललीस माझ्याशी," बिरागो म्हणाली.

"आणि तू? माझं रक्त तुझं म्हणून दिलंस ते?"

बिरागोचा हात उगारला गेला. मी मध्ये पडले. "खबरदार! पोटुशी आहे ती." मग पोकुआने रडत रडत सांगितलं की तिने पोट पाडायच्या मुळ्यांच्या काढ्याची बाटली आणून ठेवलीय, उद्या-परवा घेणार होती. बिरागो आत गेली, बाटली शोधून काढली आणि गटारात ओतली.

गटाराच्या कडेला ती वाकलेली असतानाच पोकुआ मागून म्हणाली, "ताई, तूच घे ना मूल. मी बाहेरगावी राहीन. तू पोटाला कापड बांध. कागदावर तुझंच नाव आहे. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगते, मला वाटलं बिरागो तिला ढकलून देईल. तिने दिलं नाही. ती तशीच वाकून राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, रक्त तर माझंच आहे ना?" हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी. कारण एका परीने आहेच की! बहिणीचं मूल आमच्यात आपलंच असतं, मोठी आई म्हणतं ते. वाऱ्यावर लोंबकळतो तो नवरा. त्याचं त्या मुलाशी काही म्हणजे काहीच नातं नाही.

सोमवारपर्यंतचे दिवस बिरागोने कसे काढले ते मी बघितलंय. एका वेणीच्या जागी दुसरीच वेणी घालायची, उकलायची, परत घालायची. क्वार्तेंग तिला पाण्याची बादली उचलू द्यायचा नाही. संध्याकाळी स्वतः सूप ढवळायचा, आणि खारट करायचा. दोनदा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आज सांगते." दोनदा म्हणाली, "नाही सांगत. डॉक्टर बदलू. दुसऱ्या गावी जाऊ." मी म्हटलं, "बाई गं, तू काय ते ठरव, मला झोप लागू दे."

रविवारी चर्चनंतर क्वार्तेंग कुठेतरी गेला आणि उन्हं कलल्यावर आला. चांगल्या पांढऱ्या कपड्यांच्या गुडघ्यांना लाल माती. हातात जिन दारूची अर्धी बाटली. बिरागो टपरी बंद करत होती, मी कढई उतरवत होते.

"कुठे होतास?" तिने विचारलं.

"गावी. आईच्या कबरीवर." लहान मुलासारखा हसला. "जिवंत माणसांना सांगायचं नाही म्हटलं होतं. मेलेल्यांना सांगायला काय हरकत? जिन शिंपडली आणि सांगितलं, आई, तुझं नाव घेऊन कुणीतरी येतंय."

बिरागोच्या हातातलं कुलूप खाली पडलं. जिवंत माणसाशी माणूस रोज खोटं बोलतं, मीसुद्धा शिळा मासा ताजा म्हणून विकते. पण मातीत गेलेल्या आईला जिन वाहून जे सांगितलं ते खोटं निघणं, हे आमच्यात कुणी सोसू शकत नाही. बिरागो रस्त्यातच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्याच्या त्या लाल गुडघ्यांना धरून बसली आणि सगळं बोलून टाकलं. पाळी, पोकुआ, बाटलीवरचं नाव, गटारात ओतलेली बाटली. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

क्वार्तेंग ऐकत राहिला. मग फक्त एवढंच म्हणाला, "तुला तुझं रक्त मिळालं. माझं काय?" आणि गॅरेजकडे निघून गेला. जिनची बाटली माझ्या बाकावर राहिली.

सोमवारी बिरागो पोकुआला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मीही गेले, सवयच लागली होती. डॉक्टरीणबाई आधी भडकल्या. मग सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं पण तू थांबलीस कशासाठी?"

"नर्सने दुसरा दिवस सांगितला होता."

"ज्यांची येते त्यांच्यासाठी! जिची महिनोन्‌महिने येतच नाही तिने कधीही यायचं. गरोदर नाही एवढं बघायचं आणि रक्त घ्यायचं."

कधीही! परमेश्वरा! आंब्यांच्या आधीच ती आली असती तर चाललं असतं. बिरागो हसायला लागली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. तिने बाही वर केली आणि दंड टेबलावर ठेवला. तिचं रक्त जाताना मी स्वतः बघितलं. दिसायला तर चारचौघांच्या रक्तासारखंच, पोकुआचंही असंच असणार, मला काही फरक कळला नसता. पण आकडे आले ते तिच्या तोंडाशी जुळणारे. पुरुषी हार्मोन जास्त, बांधणारं प्रथिन कमी, इन्सुलिन चढलेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, भात, फुफू आणि गोड पेयं कमी करायला सांगितली. मूल राहील का विचारलं तर म्हणाल्या, "राहू शकतं. वेळ दे."

क्वार्तेंग काही दिवसांनी परतला. कपडे घेऊन जाईल असं मला वाटलं होतं, पण त्याने गुपचूप चुलीपाशी बसून सूप खाल्लं. भांडण नाही, बोलणंही नाही. पुळ्या हळूहळू बसल्या. मान काही उजळली नाही. हनुवटीचे केस तसेच. पोकुआचं पोट वाढत गेलं आणि क्वार्तेंग तिच्या बाजूने जाताना दुसरीकडे बघायचा. आठवडेच्या आठवडे ते अंगण असं होतं की मी माझं दार लावून घ्यायचे.

शेवटी एका गुरुवारी पोकुआला मुलगी झाली.

नाव ठेवायच्या दिवशी सकाळी सगळे जमले. बिरागोच्या घराण्यातले म्हातारे आजोबा, चर्चच्या बायका, ती मासेवाली, शिंपीण. चौरंगावर दोन पेले, एकात पाणी, एकात जिन. नाव द्यायचं ते बापाच्या माणसांनी. त्यांच्यासाठी मांडलेली खुर्ची रिकामी. तो गोडबोल्या आला नाही, त्याच्याकडून एक चिटपाखरूही नाही. कुजबुज सुरू झाली. पोकुआची मान खाली. आजोबा खाकरले, "काय करणार, मीच देतो काहीतरी नाव," म्हणत हात पुढे केले.

तेवढ्यात फाटकापाशी उभा असलेला क्वार्तेंग पुढे आला. पांढऱ्या कपड्यांत. सरळ त्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि मुलीला मांडीवर घेतलं. पाण्यात बोट बुडवून तिच्या जिभेला लावलं. "कोनादू, तू पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे." मग जिनमध्ये बोट बुडवलं. "आणि जिन म्हणशील तेव्हा ती जिनच असू दे." हे आम्ही सगळ्याच लेकरांना सांगतो, मी हजार वेळा ऐकलंय. त्या दिवशी त्याचा आवाज मध्येच फाटला.

"अगंबाई! म्हणजे मुलगी याचीच की काय? मेहुणीपासून?" मासेवाली माझ्या कानाशी.

"तू गप बस, नाहीतर तो पेला तुझ्या डोक्यावर ओतीन," मी म्हटलं. पण माझं मलाच कळेना. एका तोंडाने पोरीला खरं बोलायला शिकवायचं आणि त्याच तोंडाने दुसऱ्याच्या मुलीला स्वतःच्या आईचं नाव द्यायचं. याला खरं म्हणायचं की खोटं?

क्वार्तेंग उठला. पोकुआकडे नाही, बिरागोकडे गेला. ती फडक्यात तोंड लपवून रडत होती. त्याने मुलीला तिच्या हातात दिलं, त्या काळ्या मानेशी नीट टेकवलं. आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "धर माझ्या आईला. कबरीवर मी तिला खोटं सांगून आलो नव्हतो."

मी आत गेले आणि सगळ्यांसाठी याम तळायला घेतले.